आरपार घर

आमच्या घरास पुढे एक दार होते आणि मागे एक दार होते, यात विशेष ते काय, असे वाचक म्हणतील. विशेष इतकेच की, दिवस उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत अवघी आळी एका दाराने आत शिरे व दुसऱ्या दाराने बाहेर पडे, आणि मधल्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली आमची आई त्या प्रत्येकास विचारी, "कुठे चाललात?"

याचे कारण असे. आमची आळी उताराच्या पायथ्याशी वसलेली, तर बसचा थांबा, दवाखाना आणि शाळा ही तिन्ही वरच्या रस्त्याला. मध्ये दगडाची जुनी खाण. खाणीला वळसा घालून जायचे म्हणजे धडधाकट माणसाचीही दमछाक होई. आमचे घर मात्र खाणीच्या कडेला, उताराला पाठ टेकून उभे होते. वडील खाणीत कामाला. त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी मागचे दार काढले आणि तेथून वर चढणारी पायवाट खोदली. ती वाट त्यांना फार काळ लाभली नाही. ते गेले तेव्हा दादा शाळेत जात होता आणि मी आईच्या कडेवर होतो.

नातेवाईक म्हणाले, आमच्या दारी येऊन राहा. आई म्हणाली, "माझी दोन दारं आहेत. तिसरं कशाला?" आणि तिने जुने शिलाई मशीन मिळवून त्यावर पाय ठेवला, तो आयुष्यभर काढला नाही.

पुढे एका दुपारी शेजारच्या बाईला कळा सुरू झाल्या. लोक तिला खाटेवर घालून वळशाच्या वाटेला लागले. आईने ते खिडकीतून पाहिले मात्र, ती हातातले कापड टाकून उठली, मशीन भिंतीकडे ढकलले आणि दोन्ही दारे सताड उघडून ओरडली, "अहो, तिकडून कुठे? इकडून या, आरपार जा!" खाट आमच्या चुलीशेजारून गेली. बाळ दवाखान्याच्या पायरीवरच जन्मले. त्या दिवसानंतर कोणी परवानगी मागितली नाही आणि आईनेही दार पुन्हा लोटले नाही.

नियम मात्र तिने घातले. पाय पुसायचे. उकळत्या भांड्याचे झाकण उचलायचे नाही. आणि कुठे चाललो ते सांगायचे. हा तिसरा नियम चौकसपणातून आला असा काहींचा समज होता. प्रत्यक्षात त्यावर सबंध आळीचा संसार चाले. "दवाखान्यात चाललीस? मग गुरुजींची दम्याची गोळी आण." "बस पकडायचीय? बैस जरा, चांभाराची म्हातारीही निघालीय, तिचा हात धर." अशा रीतीने एकाचे पाय दुसऱ्याच्या उपयोगी पडत. आई स्वतः मशीनवरून उठतही नसे.

पावसाळ्यात पायवाट घसरडी होई. आईने खाणीतले पडीक दगड मागच्या दाराशी रचवले आणि फर्मान काढले की, वर जाणाऱ्याने एकेक दगड सोबत न्यावा. "मावशी, मी ऑफिसला निघालोय, कपडे बघा माझे!" असे कोणी म्हटले की ती म्हणे, "मीच शिवलेत. मळले तर मलाच सांग." दगड वर पोहोचत गेले. ते बसवायचे काम माझ्याकडे आले, कारण मी नुकतीच सातवीत शाळा सोडली होती आणि घरात दुसरे कोणी रिकामे नव्हते. त्या पायऱ्या म्हणजे माझे पहिले बांधकाम होय. आज मी गवंडी म्हणून ओळखला जातो. थोरामोठ्यांचे बंगले बांधले, परंतु त्या पायऱ्यांइतकी पावले माझ्या दुसऱ्या कोणत्याही कामावर पडलेली नाहीत.

काळ कोणासाठी थांबत नाही. दादा शिकून शहरात पाणीपुरवठा खात्यात साहेब झाला. मी लग्न करून वरच्या रस्त्याला बिऱ्हाड केले. आई मात्र खालीच राहिली, एकटी. निदान एकटी असे आम्ही म्हणत असू. तिची नजर मंदावली तेव्हा तिने चौथा नियम घातला. मशीनशेजारी टाचणीची गादी ठेवली, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याने एका सुईत दोरा ओवून ती गादीत टोचून जावे असे ठरवले. शाळेची मुले हे काम पळता पळता करीत. गुरुजींना मात्र फार वेळ लागे. आई तेवढा वेळ त्यांना मुद्दाम देई, कारण तेवढाच त्यांना श्वास मिळे.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो.

जे बाळ दवाखान्याच्या पायरीवर जन्मले, तोच पुढे आमचा दूधवाला झाला. एके सकाळी तो आपल्या वासराला लस टोचून आणण्यासाठी आरपार निघाला. वासरू आरशात स्वतःला पाहून बिथरले आणि त्याने आईला खुर्चीसकट आडवे केले. आईचे मनगट मोडले. दूधवाला रडकुंडीला आला. प्लास्टर चढत असताना आई त्याला म्हणाली, "तुझ्या आईला या दारातून नेलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू पोटात असल्यापासून घाईत आहेस."

तिसऱ्या दिवशी दादा आला. बूट न काढताच तो घरातून मागच्या दारापर्यंत गेला, पायऱ्यांकडे पाहून परत आला आणि म्हणाला, "हे दार बंद. आजच्या आज."

"का रे मोठ्या?" आई म्हणाली. "दाराने काय केलं?"

"घर आहे हे, आई. रस्ता नाही. आज वासरू आलं, उद्या ट्रॅक्टर येईल."

"ट्रॅक्टर मावणार नाही. मी चौकट मापली आहे."

दादा हसला नाही. तो मला बाहेर घेऊन गेला. त्याचा चेहरा ओढलेला होता. "हे बघ," तो म्हणाला, "एक तर दार बुजव, नाहीतर मी तिला उद्या माझ्याकडे नेतो. तिकडे लिफ्ट आहे, वॉचमन आहे. इथे ती पडून राहिली आणि मी फोन करत बसलो, तर?"

मला दोन्ही गोष्टी नको होत्या. आईला शहरात नेणे म्हणजे चालते मशीन माळ्यावर ठेवणे, हे मी जाणून होतो. परंतु थोरल्या भावाची भीतीही खोटी नव्हती. निदान आई आपल्या घरात राहील, असा विचार करून मी दुसऱ्या सकाळी हातगाडीवरून विटा, वाळू व सिमेंट आणले, मागच्या दाराबाहेर रचले, आणि माल कालवला.

थापी हातात घेऊन उभा राहतो तो आई आली. गळ्यातल्या झोळीत एक हात, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढत. खुर्ची तिने बरोबर उंबऱ्यावर ठेवली व तीवर बसली.

"घाल भिंत," ती म्हणाली. "मी कुठे नको म्हणते? फक्त वरून सुरू कर."

"वरून?"

"हो. चौकटीपासून खाली ये. म्हणजे शेवटची वीट बसेपर्यंत लोकांना वाकून का होईना, जाता येईल."

"अगं आई, वरून भिंत कशी बांधणार?"

"तू गवंडी ना? मी शिलाईवाली. मी बाही आधी शिवते, गळा आधी शिवते, गिऱ्हाइकाला हवं तसं शिवते."

मी दादाकडे पाहिले. दादाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात आईच्या पाठीमागून, घरातून, "मावशी, सरका बरं, उशीर झालाय," असा आवाज आला. दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या. त्या आईच्या खुर्चीला वळसा घालून, साडी सावरून, कालवलेल्या मालावरून उडी मारून पलीकडे गेल्या, अन् थबकल्या. "हे काय चाललंय?"

"दार बुजवतोय," दादा म्हणाला. "आईच्या सुरक्षिततेसाठी."

"सुरक्षितता?" नर्सबाई म्हणाल्या. "दादा, त्या पडल्या तेव्हा मी पाठोपाठच होते. चुलीवरचा चहा उतू जायच्या आत मी त्यांचा हात फळीला बांधला होता."

"दार बंद असतं तर वासरू आलंच नसतं!"

"आणि नर्सही आली नसती," आई म्हणाली. "वासरू काय, एकदाच आलं. ही रोज दोनदा येते."

दादा काही बोलणार, इतक्यात घरातून काठीचा आवाज आला. गुरुजी येत होते. वय झालेले, छातीचा भाता चाललेला. त्यांनी मशीनपाशी थांबून सवयीने सुई ओवली, गादीत टोचली आणि ते मागच्या दाराशी आले. आईने खुर्ची थोडी कलती केली. गुरुजी बाहेर पडले आणि पुढची चढण पाहून माझ्या रचलेल्या विटांवरच मटकन बसले.

दादाची नजर मात्र आत, त्या गादीवर खिळली होती. गादी सुयांनी गच्च भरली होती. पांढरे, निळे, काळे दोरे लोंबत होते.

"आई, हात मोडलाय तुझा," तो हळू आवाजात म्हणाला. "शिवण बंद आहे. मग या इतक्या सुया कशाला?"

"मी थांबले म्हणून ते थोडेच थांबणार? येतात, ओवतात, बसतात, हात कसा आहे विचारतात, जातात. मोठ्या, तुझ्या वॉचमनला माझं नाव तरी माहीत होईल का रे?"

गुरुजींनी घाम पुसला व दादाला निरखून पाहिले. "तूच ना रे तो? परीक्षेच्या दिवशी याच पायऱ्यांवर पडून गुडघा फोडून घेतलास, आणि तुझी आई तुला पाठीवर घेऊन वर्गात आली? त्या दिवशी नव्हतं का दार बुजवायचं सुचलं?"

"गुरुजी, पायऱ्या नंतर झाल्या," दादा म्हणाला. "तेव्हा नुसता चिखल होता."

"मग बघ, किती सुधारणा झाली."

तेव्हा दादा हसला. आणि आई गुरुजींकडे पाहतच राहिली. त्यांच्याकडे नव्हे, ते ज्यावर बसले होते त्या विटांकडे. "धाकट्या," ती म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या डोक्यात कसं आलं नाही? चढायच्या आधी माणसाला टेकायला जागाच नाही. माल कालवलाय ना?"

"कालवलाय."

"मग वाळून जाईल तो. ओटा बांध. गुरुजी, जरा उठा, तुम्ही ओट्यावर बसलाय."

मी दादाच्या तोंडाकडे पाहिले. त्याच्या मनात काय चालले होते ते मला सांगता येणार नाही. त्याने मनगटावरचे घड्याळ काढून आईच्या मांडीवर ठेवले, बाह्या दुमडल्या, आणि पहिली वीट उचलून माझ्या हातात दिली. दिवसभर साहेब विटा देत होता व मी बसवीत होतो, आणि येणारा-जाणारा दोघांच्या मधून वाट काढीत म्हणत होता, "ओळंबा धरलाय का रे नीट?" संध्याकाळी आईने ओल्या ओट्यावर कोणी बसू नये म्हणून तेथे एक सुई ओवून ठेवायला लावली. कोणीही बसले नाही.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षे जगली. हात बरा झाला, मशीन पुन्हा चालू लागले. ज्या मुलांना तिने गणवेश शिवले त्यांच्या मुलांनाही शिवले. गुरुजी गेले, त्यांच्या जागी दुसरे म्हातारे ओट्यावर बसू लागले. दादा दर रविवारी फोन करी. बहुतेक वेळा तो आईऐवजी कोणीतरी वाटसरूच उचले आणि सांगे, "मावशी मजेत आहेत, मी जरा वर चाललोय, थांबा, देतो."

तिचा शेवट दिवसाउजेडी झाला. दूधवाला सुई ओवीत होता. आईने विचारले, "कुठे चाललास?" तो म्हणाला, "खालून वर, मावशी, नेहमीचंच." त्याने सुई गादीत टोचून मान वर केली, तर तिने मशीनवर डोके टेकले होते. ती पडली नाही, कारण त्याने धरली होती. त्या घाईच्या माणसाने त्या दिवशी वरच्या रस्त्याला कोणालाही दूध पोहोचवले नाही. तो माझी वाट पाहत तिला धरून बसून राहिला.

दादाला हे मी फोनवर सांगितले. मग त्याने एवढेच विचारले, "म्हणजे ती एकटी नव्हती?" मी म्हणालो, "नाही. कधीच नव्हती."

दादा निवृत्त झाला होता. तो येऊन राहिला. पहिले काही दिवस घरातून कोणी गेले नाही. दारे दोन्ही उघडी होती, परंतु ज्या घरात माणूस गेले तेथून आरपार कसे जावे, असा संकोच आळीला पडला. लोक निमूटपणे खाणीला वळसा घालू लागले. मी मागच्या ओट्यावर बसून पाहत असे. पायऱ्यांवर पाऊल नाही, आणि आत गादीत नवी ओवलेली सुई नाही. इतकी शांतता त्या घराने पूर्वी पाहिली नव्हती, आणि ती मला सहन होत नव्हती.

एका सकाळी दूधवाला किटल्या घेऊन पुढच्या दारासमोरून जाऊ लागला. चालता चालता त्याने आत नजर टाकली आणि मान खाली घालून वळशाकडे वळला.

मधल्या खोलीत दादा आईच्या खुर्चीवर बसला होता. त्याने घसा साफ केला. साहेबी आवाज कोठेतरी हरवला होता. जो निघाला तो हुबेहूब आईचा होता.

"अरे ए, घाईच्या! तिकडून कुठे? आधी पाय पूस. आणि सांग, कुठे चाललास?"

दूधवाल्याने किटल्या खाली ठेवल्या. पाय पुसले, एकदा सोडून दोनदा. मग आत येऊन त्याने डोळे बारीक करून सुईत दोरा ओवला.