इस्त्रीवरची फळी

रिपोर्टवर टीएसएच एकोणीस. मागच्या खेपेला सहा होता. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि मनात म्हटलं, सापडली!

सापडली म्हणजे माझी धाकटी जाऊ. गोड बोलणाऱ्या माणसांवर माझा मुळातच विश्वास नाही, आणि हिची तर जीभ साखरेत घोळलेली.

मी कोट शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते. वर्षभरापूर्वी अंगातलं त्राणच गेलं. केस गळायला लागले, सगळे पंख्याखाली बसत तेव्हा मी स्वेटर शोधायची. एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या, तेव्हा मालकांनीच रक्त तपासायला धाडलं. आकडा चौदा.

"थायरॉइड मंदावलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्याच शरीराचे पहारेकरी त्या ग्रंथीला चोर समजून बडवतायत. मग मेंदू तिच्यावर ओरडतो, काम कर, काम कर. ते ओरडणं म्हणजे टीएसएच."

रोज उपाशीपोटी एक गोळी. दीड महिन्यात आकडा सहावर आला आणि मला बरं वाटू लागलं.

मग एका सकाळी पाहते तर काय, जाऊ माझी बाटली उघडून, गोळ्या तळहातावर घेऊन बसलेली.

"काय करतेस गं?"

"काही नाही ताई, मोजत होते."

मोजत होते! दुसऱ्याच्या गोळ्या कोण मोजतं? त्याच दिवशी मी बाटली कारखान्यात हलवली. सकाळी सगळ्यांत आधी मीच पोचते. वाफेची इस्त्री चालू करायची, गोळी घ्यायची, कात्री उचलायची. बाटली इस्त्रीवरच्या फळीवर, धाग्याच्या रिळांमागे.

तरी पुन्हा चेहरा सुजला, पुन्हा टेबलावर डुलक्या. म्हणजे बाटली हलवायच्या आधीच हिने गोळ्या बदलल्या होत्या. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "तिला काय मिळणार त्यातून?" भोळा सांब! मी लोळत पडले की घरात कोणाचं चालणार, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, या वेळी आकडा वाढला तर चूल वेगळी. जाऊ उठून भांडी आवरायला लागली. चोर आणखी काय करणार?

एकोणीसचा रिपोर्ट आणि बाटली घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा मी तिला मुद्दाम सोबत नेलं. तिला तोंडावर पाडायची होती.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कागदावर ओतल्या, उलटसुलट करून पाहिल्या. "शिक्का तोच आहे. या तुमच्याच गोळ्या. बाटली ठेवता कुठे?"

"कोणाचा हात पोचणार नाही अशा जागी," मी जावेकडे बघत म्हणाले. "वाफेच्या इस्त्रीच्या अगदी वर. माझा डबासुद्धा तिथेच असतो, दुपारपर्यंत गरम राहतो."

बोलता बोलताच माझा आवाज खाली गेला.

"गोळ्यासुद्धा गरमच राहिल्या असतील," त्या म्हणाल्या. "उष्णतेने आणि दमटपणाने त्यांचा गुण जातो. बहुतेक इतके दिवस तुम्ही खडूच गिळलात. नवी बाटली घ्या, दीड महिन्याने पुन्हा तपासू. आधी घरी होती, तेव्हा एकही गोळी चुकली नव्हती ना?"

"एकही नाही."

"ताई सात वेळा विसरल्या होत्या," जाऊ म्हणाली. "मी रोज मोजायचे. एक जास्त उरलेली दिसली की त्यांच्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवायचे."

पेल्याशेजारची गोळी मला आठवली. मीच काढून ठेवली असेल, असं समजून मी ती घ्यायची. मला इतकी लाज वाटली की मी रिपोर्टची घडी उगाच उलगडत राहिले.

औषधाच्या दुकानातून बाहेर आल्यावर मी नवी बाटली तिच्यापुढे धरली. "घरीच ठेवू. तूच मोजत जा."

तिने हात पुढे केला नाही.

"नको ताई. चूल वेगळी करायची ठरलंय ना? भांडी मी कालच वाटून ठेवलीत." ती चालू लागली, मग थांबून म्हणाली, "तुमची तुम्ही मोजून घ्या."