वरचा आवाज

कुकरची शिट्टी झाली आणि दुपारचं सुनं घर दचकलं. गौतमीने गॅस बंद केला, रेवूला कडेवर घेतलं आणि ती खाली पार्किंगमध्ये आली. संग्राम गाडीच्या डाव्या दारात परत आल्याला आठ दिवस झाले होते.

नवे स्पीकर बसवले, त्याच संध्याकाळी तो आला. तो गेला त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. तापाचं निमित्त, नऊ दिवस दवाखाना, संपलं. त्याआधी चौदा दिवस डावीकडच्या सीटवर बसून तो तिला गाडी शिकवत होता. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. रिव्हर्स तेवढा राहिला. म्हणून ती अजूनही लांब वळसा घालायची, पण गाडी मागे घ्यायची वेळ येऊ द्यायची नाही. तो दारातून बोलू लागला तेव्हा तिला नवल वाटलं नाही. शिकवणं अर्धं टाकून गेलेला माणूस, तो येणारच.

"क्लच सोड. सावकाश, सावकाश. समोर सायकल आहे."

शब्द तेच, पण आवाज तो नव्हता. संग्रामचं बोलणं कसं, दुधावरच्या सायीसारखं. आता त्याचा प्रत्येक 'स' पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा निघायचा. मागच्या सीटवर रेवू दोन्ही कान झाकून घ्यायची.

"आई, बाबा का ओरडतो?"

"ओरडत नाही गं. बाबा कधीच ओरडायचा नाही."

"मग हा कोण आहे?"

बाबा गेला तेव्हा रेवू तीन वर्षांची होती. त्याचा आवाज तिला आठवत नव्हता. आता जो कानावर पडेल तोच तिच्यापाशी जन्मभर राहणार होता. गौतमीला बाकी सगळं सोसलं असतं, हे सोसेना.

स्पीकर बसवणारा बशीर मुजावर संग्रामच्या वर्गातला. गाडी त्याच्या दुकानात नेली, तसा त्याने दाराला कान लावला.

"बोल बघू संग्या."

"समोर बघ," दार किंचाळलं.

"आयला! शाळेत मास्तरापुढं तोंड उघडत नव्हतास, आणि आता बघ की!" बशीर हसला, मग डोळे पुसून कामाला लागला. "ट्रेबल चावतोय, वहिनी. वरचा आवाज काचंवर आपटतोय."

त्याने वरचा छोटा स्पीकर काचेकडून वळवून सीटकडे केला. मग बारीक कानस घेऊन तो आवाजाचा वरचा भाग तासू लागला. रुपेरी कीस खाली पडत होता. तो त्याने तुपाच्या रिकाम्या डब्यात गोळा केला.

"एक सांगून ठेवतो. वरचा आवाज तासला की तो कुठनं तरी कमी हुतो. गाडीतनंच हुईल असं नाही."

"मग कुठून?"

"ते आमच्या हातात नसतंय, वहिनी."

दुसऱ्या दिवशी कुकरमधून वाफ सुटली, शिट्टी झाली नाही. भाताचा लगदा झाला. पण गाडीत रेवूने एका कानावरचा हात काढला. लगदा झालेला भात गौतमीने तूप घालून आनंदाने खाल्ला.

पुढच्या खेपेला बशीर म्हणाला, "दाराचा पत्रा वाजतोय. आत कायतरी मऊ घालाय पायजे. घरातलंच आणा, त्याच्या वळखीचं."

तिने रेवूची कुंची दिली. बारशाला गौतमीच्या आईने जुन्या लुगड्याची शिवलेली, कडेला मोती लावलेली. बशीरने ती दाराच्या पोटात अंथरली आणि पुन्हा कानस चालवली. डबा अर्धा भरला.

त्या आठवड्यात तिच्या बांगड्या एकमेकींवर आपटायच्या, वाजायच्या नाहीत. गॅलरीतल्या चिमण्या नुसत्या चोची उघडायच्या. नणंद बेल दाबून दाबून परत गेली आणि रुसली. मग तिचा मेसेज आला, 'दार न उघडण्याएवढं काय केलं मी?' गौतमीने फोन पालथा ठेवला. पण रेवूचे दोन्ही हात आता मांडीवर होते.

"आता छान वाटतं ना गं?"

"थोडंसं टोचतं."

"कुठे?"

"बाबा सोन्या म्हणतो ना, तिथं."

बशीरने या वेळी कानस उचलायला वेळ लावला. "बारीक केसाएवढं उरलंय. पण वहिनी, घरात आता उंच आवाजाचं आणखी काय राहिलंय?"

मागच्या सीटवर रेवू तिच्या त्या चिरक्या, गोड आवाजात बडबडगीत म्हणत होती.

"तासा," गौतमी म्हणाली.

डब्यात एकच वळी पडली. रुपेरी नव्हती. भुरी, मऊ, जावळाच्या बटेसारखी.

"बघून घेतासा? कुणाचं हाय ते?"

"नको. झाकण लावा."

गाडीचं तोंड दुकानाच्या भिंतीकडे होतं. दर वेळी बशीरच ती मागे काढून द्यायचा. तो पुढे झाला, तेवढ्यात डाव्या दारातून संग्राम बोलला. तोच आवाज. सायीचा.

"त्याला नको सांगू. तूच काढ. सोप्पं आहे."

तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तिने ते येऊ दिलं.

"क्लच दाब. गिअर उजवीकडे घे, खाली ओढ. शाबास. आता नुसत्या आरशावर जाऊ नको. मान वळव. मागं बघ."

तिने मान वळवून मागे पाहिलं.

रेवू सीटच्या कडेला येऊन बसली होती. कान उघडे, चेहरा उजळलेला. ती डाव्या दाराकडे बघून हसली. मग आईकडे वळली, भुवया वर करून, मान तिरकी करून. काही विचारायचं असलं की ती अशीच करायची. तिचे ओठ हलले. थांबले. तिने वाट पाहिली, आणि ते पुन्हा तसेच हलले.

"अगं, विचारतेय ती," संग्राम हळुवारपणे म्हणाला. "सांग की तिला."