दुसरीच्या गळ्यातली पहिली

मी एक जुना चांदीचा टाक आहे. मित्रांनो, देव्हाऱ्यातले टाक तुम्ही पाहिले असतील, खंडोबाचे, भवानीचे. मी देवाचा नाही. मी एका मेलेल्या बाईचा आहे. घाबरू नका, घाबरण्यासारखं माझ्यात काही नाही. जे घाबरले त्यांचीच ही गोष्ट आहे.

पहिली बायको मेल्यावर पुरुषानं दुसरी केली, तर पहिलीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात बांधायचा, म्हणजे पहिलीचा जीव शांत राहतो, अशी आमच्याकडची रीत. पालघरच्या एका सोनारानं चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकला आणि मी झालो. त्याच्याकडे बाईचा ठसा एकच होता. मेलेली गोरी असो, सावळी असो, म्हातारी असो की कोवळी, तोंड तेच. मी चिमीचा टाक म्हणून घडलो खरा, पण चिमीला मी कधी पाहिलं नाही, आणि तिच्यासारखा मी दिसतही नाही.

चिमी ही तारापूरजवळच्या महादूची पहिली बायको. रद्दीच्या पिशव्या करण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. खळ शिजवायची, कागद दुमडायचा, चिकटवायचा, आणि वाळलेल्या पिशव्या वाण्याकडे पोचवायच्या. संध्याकाळी नवरा दारात दिसला की तिचा पहिला प्रश्न असे, "कागद आणले?" एका पावसाळ्यात ती तापानं गेली. वर्ष सरल्यावर महादूनं नलूशी लग्न केलं आणि मी नलूच्या गळ्यात आलो.

नलू भित्री होती, पण कामाला वाघीण. नवं लुगडं नेसण्याआधी ते मला लावायची, सणाला पहिला घास मला दाखवायची. मी तिच्या छातीवर असायचो, त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते तिच्या नवऱ्याआधी मला कळायचं.

त्या दिवसांत तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम चालू होतं. महादू तिथे कामाला जाई. साहेबलोकांच्या वसाहतीत इंग्रजी वर्तमानपत्रांच्या राशी पडलेल्या असत. त्यातला एक गठ्ठा सायकलला बांधून तो रोज घरी आणी. चिमी नव्हती, पिशव्या होत नव्हत्या, कागद मात्र येतच राहिले. खाटेखाली कागद, माळ्यावर कागद, मडक्यांच्या मागे कागद. घरात चालायचं तर अंग चोरून चालावं लागे. दुपारी समुद्राचा वारा आत शिरला की गठ्ठे सळसळत, आणि भाकरी थापता थापता नलूचा हात थांबे. खरं सांगतो, कधी कधी मलाही वाटे, कोपऱ्यात कोणीतरी बसलंय.

नलूला दिवस गेले तेव्हा मात्र पेच पडला. पाळणा टांगता येईल असा मजबूत वासा घरात एकच होता, आणि त्याच्याच खाली कागदांची सगळ्यात मोठी रास होती. चिमी पिशव्या करायला तिथेच बसे.

"अवो, पाळन्याखालचे तरी हलवू का?" नलूनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. तिला लागतील," महादू म्हणाला.

"कुनाला?"

महादू नवा गठ्ठा राशीवर ठेवायला वळला. सासूनं, काशीबाईनं, तेवढ्यात तोंड घातलं. "हात लावू नको गो. गळ्यात घातलीस ना तिला? मंग तिलाच इचार."

नलूनं मला मुठीत धरून विचारलं. मग ती गठ्ठा उचलायला वाकली, मी पुढे झुललो आणि तिच्या छातीवर आपटलो. गठ्ठा तिच्या हातातून सुटला. "नको म्हनते ती," नलू पुटपुटली. मित्रांनो, वाकलं की गळ्यातली वस्तू झुलणारच! लहान पोरालाही कळेल. पण ते तिला सांगणार कोण? ज्याच्या नावानं सगळं चाललं होतं, तो मी मुका.

पोट वाढत गेलं, कागदही वाढत गेले. शेवटी नलूनं तोड काढली. कागद टाकायचे नाहीत, जाळायचे नाहीत, चिमीचंच काम पुरं करायचं, म्हणजे ती रागावणार नाही. एका दुपारी तिनं खळ शिजवली, चिमीच्या कोपऱ्यात पाय पसरून बसली आणि पिशव्या करू लागली. रास खाली येत गेली. किती दिवसांनी तिचा श्वास मोकळा झाला!

दिवेलागणीला महादू दारात आला, काखेत गठ्ठा. त्याला दिसली ती वाकलेली पाठ.

"चिमे," त्यानं हाक मारली.

"ओ," नलू म्हणाली.

मी तिच्या गळ्याशी होतो. तिला ओ द्यायची नव्हती. तरी ती ओ आतून निघाली, आणि आवाज काही रोजचा नव्हता. तो कोणाचा, हे मला आजही माहीत नाही.

महादूचा चेहरा उजळला. "उद्या जास्ती आनतो हां," तो म्हणाला.

नलू भिंत धरून उठली. "मी नलू हाय," ती म्हणाली. मग ओरडली, "नलू हाय मी! चिमी मेली. तुमीच अग्नी दिला तिला."

त्या घरात 'मेली' हा शब्द तोवर कोणी उच्चारला नव्हता. मागच्या दारात काशीबाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

नलूनं खळीच्या बोटांनी दोरा सोडला आणि मला महादूच्या तळहातावर ठेवलं. "मी तिला कदी बघली पन नाय. ती तुमची हाय. तुमीच घाला."

सवतीचा टाक पुरुषानं घातल्याचं कोणी ऐकलं होतं का? पण महादूनं मला गळ्यात बांधलं. मग मान खाली घालून त्यानं मला हळूच विचारलं, "चिमे, आता कागद आनू नको ना?"

आणि तो थांबला. खरोखर उत्तराची वाट पाहत थांबला. नलू थांबली, म्हातारी थांबली. मी काय बोलणार? परक्या तोंडाचा चांदीचा तुकडा. जन्मात एकदाच मला वाचा हवी होती, एका शब्दापुरती. नको, एवढंच म्हणायचं होतं.

बऱ्याच वेळानं महादूनं काखेतला गठ्ठा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि रिकाम्या हातांनी तो घरात आला.

पाळणा टांगला गेला, त्यात मुलगी रडली, हसली, मोठी झाली. लोकांनी महादूची टिंगल केली, त्यानं ती ऐकून घेतली. वसाहतीवरून जाताना त्याची सायकल कधी कधी थांबायची. माझ्यावर हात ठेवून तो उभा राहायचा आणि पुढे जायचा. आता तो नाही. मी एका डब्यात काळा पडून आहे.

मला चिंच लावून घासा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी गेलं तर त्याच्यासाठी पोटभर रडा. पण जी जिवंत आहेत, त्यांना त्यांच्याच नावानं हाक मारा. मोठ्यानं मारा, दुसऱ्या कोणी ओ देण्याआधी.