चौथा ग्लास

लग्न होऊन दवनीवाड्याला आले, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. भाजीत मीठ कमी, वरणात पाणी जास्त, पोळी जाड, भात गिचका, सगळं ऐकून झालं. पण 'चांगलं झालं' हे दोन शब्द माझ्या सासूबाईंच्या, शकुंतलाबाईंच्या तोंडून कधी निघाले नाहीत. मला सोनंनाणं नको होतं. ते दोन शब्द हवे होते. आणि माझ्या आधी ते टीनाला मिळू नयेत, एवढंच देवाजवळ मागणं होतं.

टीना माझी धाकटी जाऊ. नागपूरची मुलगी. तिला पोळी गोल लाटता येत नाही, तांदूळ निवडताना खडे तसेच राहतात. पण बिअर बनवायचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. माझा दीर हिमांशू आणि तिने मिळून गोंदियाच्या कडेला फुलचूरला बिऱ्हाड केलं, जागा घेतली आणि तिथे बिअर काढायचा छोटा कारखाना टाकला, तिथेच बसून प्यायची सोय. मायक्रोब्रुअरी म्हणतात त्याला. गावात कुजबुज सुरू झाली की शेतकऱ्याच्या घरची सून दारू काढते. मला खोटं कशाला बोलायचं, बरं वाटलं. म्हटलं, आता तरी म्हातारीची मान खाली जाईल. तर म्हातारी भर बाजारात भाजीवालीला सांगत होती, "मशीनवर काम करते माई सून. इंजिनिअरवानी." मी शेजारीच उभी होते, हातात वांग्यांची पिशवी घेऊन. मी कोणाची सून होते, हे तिने भाजीवालीला सांगितलं नाही.

त्यात ती डब्याची भानगड. आमच्याकडे उन्हाळाभर सकाळी बासी खातात. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळपर्यंत तो जरा आंबतो, मग कांदा-मिरचीशी खायचा. पोटाला थंड. माझी बासीची हंडी मातीची आहे आणि ती मी राखेने किंवा साबणाने कधी घासत नाही. साध्या पाण्याने विसळते आणि कालचं थोडं पाणी तळाशी तसंच राहू देते. नवा भात त्यातच पडतो. माझी आई असंच करायची. सासूबाईंना ते कधी पटलं नाही. "गलिच्छ बाई, हंडी घासत नाई," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

आणि हा उन्हाळा लागल्यापासून त्याच गलिच्छ हंडीतली बासी डब्यात भरून त्या ऑटोने फुलचूरला न्यायला लागल्या.

"कायले नेता माय?" मी एकदा विचारलं.

"टीनाले पायजे."

"तिच्या घरी भात शिजत नाई का?"

"तुले काय करा लागते?" त्या म्हणाल्या, आणि झाकण घट्ट लावून निघाल्या.

म्हणजे मी रांधायचं आणि लाडकीने तिकडे पंख्याखाली बसून खायचं. डबा मात्र घासून परत यायचा, टीनाच्या हातचा, लख्ख. त्या लख्ख डब्याचासुद्धा मला राग यायचा.

मग एके दिवशी हिमांशूचा फोन आला. कारखाना सुरू व्हायच्या आधी घरच्यांनी येऊन चाखून जावं, म्हणे. माझे यजमान मुन्नालाल तर सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले. सासूबाई येणार नाहीत अशी मला खात्री होती. माळ नाही घातलेली त्यांनी, पण तरी. तर त्या माझ्या आधी ऑटोत.

"माय, तुमी पिऊन पाहणार?" मी म्हटलं.

"पोराच्या घरचं हाये. दवा समजून घेईन घोटभर."

पीक नाही, पाणी नाही, कशाचीच नव्हती त्या दिवशी मला काळजी. म्हातारी टीनाला काय म्हणते, एवढीच होती.

आत गेलो तर माणसाच्या उंचीच्या स्टीलच्या टाक्या रांगेत उभ्या. अशा चकचकीत की माझं घामेजलेलं तोंड त्यात दिसत होतं. टीना अ‍ॅप्रन घालून, केस वर बांधून, नळ्या काय जोडत होती, काटे काय बघत होती. मला पाहून "दीदी, या ना" म्हणाली, आणि खुर्ची ओढली ती सासूबाईंसाठी, पंख्याखाली. मी आयुष्यभर एका मातीच्या हंडीत हात घालते, हिला एवढं सगळं. मत्सर म्हणतात तो हाच, आणि मला तो चांगला ओळखू येत होता.

प्रत्येकापुढे एक लाकडी फळी आली. तिच्यात चार खळगे, चार छोटे ग्लास. पहिला फिकट, दुसरा पिवळसर, तिसरा काळा, आणि चौथा गढूळ, पांढुरका. हिमांशू म्हणाला, चौथ्यात आपल्या शेतातल्या चिन्नोर तांदळाची कनकी, म्हणजे कणी, आहे. म्हणजे आमचा तांदूळपण टीनालाच. ह्यांनी पोतं कधी देऊन टाकलं, मला पत्ता नाही.

मुन्नालाल एकेक ग्लास उचलायचे आणि "वा, झकास! एक नंबर!" म्हणायचे. त्यांना ग्लासात घालून काहीही दिलं असतं तरी ते हेच म्हणाले असते. माझं लक्ष सासूबाईंकडे. त्यांनी पदर पुढे ओढला आणि पहिला ग्लास तोंडाला लावला.

"खोकल्याची दवा हाये," त्या म्हणाल्या.

त्या ग्लासात संत्र्याची साल होती, म्हणे. टीनाचं तोंड उतरलं. माझं खुललं.

दुसऱ्याला त्यांनी अख्खं तोंड वाकडं केलं. "कडुनिंब घोटला का यात?" तिसरा हुंगून पाहिला. "दूध करपलं काऊन?"

मी एवढी खूश झाले की माझ्यात एकदम मोठेपणा आला. टीनाच्या पाठीवर हात ठेवून मी म्हटलं, "होते, बाई. पयल्यांदा होते असं. शिकशील हळूहळू." असं बोलायला मला कित्येक वर्षांत कोणी संधी दिली नव्हती.

मग चौथा ग्लास. सासूबाईंनी वास घेतला आणि थांबल्या. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मी बघत होते, त्या ग्लास खाली ठेवेनात. शेवटचा थेंब संपेपर्यंत प्यायल्या आणि पदराने ओठ पुसले.

"हे चांगलं झालं," त्या म्हणाल्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ज्यासाठी चुलीपुढे भाजले, ते हिला पहिल्याच दिवशी, एका ग्लासात. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते कोणाला दिसू नये म्हणून मी माझा चौथा ग्लास उचलला आणि घटाघटा गिळला. आंबट होतं, आणि गिळता गिळताच कशाचं आंबट ते जिभेला कळलं.

"हे चांगलं?" मी सगळ्यांसमोर ओरडले. "बासीचं पाणी हाये हे! नासकं! बिनघासल्या हंडीसारखा वास मारून राहिला!"

हिमांशूने टीनाकडे पाहिलं, टीनाने सासूबाईंकडे. मुन्नालाल ग्लास खाली ठेवून शर्टाची बाही सारखी करू लागले.

"मंग?" सासूबाई म्हणाल्या. "तुईच हंडी हाये ते."

मला काही कळेना. मग टीना चाचरत बोलायला लागली. बिअर आंबवायला जे विरजण लागतं, ते बाजारात मिळतं. पहिल्या तिन्हीत तेच होतं. "पण ते सगळ्यांकडे असतं, दीदी. तुमच्या हंडीत जे आहे, ते कुठेच नाही मिळत. माय डब्यात आणायच्या, त्याच पाण्याने मी चिन्नोरची कनकी आंबवली. मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. माय बोलल्या की तुम्ही नाही देणार."

ते खरंच होतं. मी नसतं दिलं. मेले असते पण नसतं दिलं.

पण टीनाशी मला बोलायचंच नव्हतं. मी सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले. "गलिच्छ म्हणत होत्या ना माय, माया हंडीले? गावभर?"

"म्हणली असन."

"आन् आता चांगलं झालं?"

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू अक्कल गहाण टाकून आले होते मी. "रोज खाऊन राहिली का नाई मी? वाईट असती त खाल्ली असती का?"

एवढंच. रडावं की त्यांना गदागदा हलवावं, कळेना. बावीस वर्षं मी भांड्यांतून, वाट्यांतून जे शोधत होते, ते त्यांच्या लेखी कधीच सांगून झालं होतं. आणि शेवटी तोंडातून निघालं तेही टीनाच्या टाकीत जाऊन. तांदूळ आमचा, हंडी माझी, आणि टाकी तिची. ते दोन शब्द नेमके कोणाचे, हे ठरेना, आणि न ठरल्यामुळे टीनाचा राग जसाच्या तसा राहिला.

"दीदी, याचं नाव अजून ठेवलं नाही," टीना म्हणाली. "तुम्ही सांगा ना."

"पाहू," मी म्हटलं. "आन् पाणी पायजे त दवनीवाड्याले यायचं, मले मागायचं. मायच्या हाती डबा चालणार नाई."

"उद्याच येते," ती म्हणाली. तेवढं ऐकून मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना बासी वाढली आणि मी उगाच तिथेच घुटमळले. कांदा ठेवला, मिरची ठेवली, पाण्याचा तांब्या पुसून पुन्हा ठेवला. म्हटलं, काल एकदा तोंड उघडलंय, आज सरळ बोलेल.

"मीठ कमी हाये," त्या म्हणाल्या.

मी मीठ आणून दिलं. चिमूटभरच. पुन्हा मागावं लागेल इतकं. त्यांनी मागितलं नाही. खाली मान घालून सगळी बासी संपवली, वरचं पाणी प्यायलं आणि वाटी माझ्यापुढे सरकवली.

"अजून हाये का?"

मी हंडीत पाहिलं. तळाशी टीनासाठी राखून ठेवलेलं तेवढंच उरलं होतं. दुपारी ती ऑटोने येणार होती. मी हंडी उचलली आणि तिरपी करून शेवटच्या थेंबापर्यंत सासूबाईंच्या वाटीत ओतली. मग रिकामी हंडी न विसळता रात्रीच्या भातासाठी ठेवली आणि टीनाला फोन करून सांगितलं, आज नको, उद्या ये.