अंबिका टेलर्सचा व्हिडिओ

वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून संयोगिताचं तोंड बंद म्हणून होत नव्हतं. दहावीतली पोरगी, पण दूधवाल्यालाही ‘मित्रहो’ म्हणायची काय ती बाकी होती! तिची सगळी भाषणं आधी ऐकून घ्यायची ती तहसीन, तिच्या बाकावरची मैत्रीण.

तहसीनचे अब्बा शब्बीरचाचा संयोगिताच्या घरासमोरच ‘अंबिका टेलर्स’ चालवायचे. दुकान मूळचं गणपतराव शिंप्यांचं. चाचा त्यांच्याच हाताखाली शिकले आणि त्यांच्या माघारी पाटी तीच ठेवली. “उस्तादाचं नाव पुसायचं न्हाय,” म्हणायचे. पेठेच्या तालमीत गणपती बसतो तिथंच मोहरमचे पंजेही बसतात. दोन्हींची झालर चाचांच्याच मशीनवर शिवली जायची.

जूनमध्ये कुणा पोराच्या स्टेटसवरून शहर पेटलं. बंदची हाक, चौकात घोषणा, मग दगड. भरतीची वाट बघून कंटाळलेली, फोनवर रोज कुणीतरी चिथावलेली पोरं. काही बाहेरची, काही पेठेतलीच. गर्दी पाट्यांवरची नावं वाचत चालली होती. बागवानांचं फळाचं दुकान फुटलं. ‘अंबिका’पाशी मात्र एकानं पाटीला हात जोडले आणि सगळे पुढं गेले. अर्ध्या शटरामागं चाचा जीव मुठीत धरून बसलेले.

संयोगितानं गॅलरीतून सगळं बघितलं. रक्त नुसतं उसळत होतं तिचं. तिनं मोबाईल काढला.

“मित्रहो, समोरचं हे अंबिका टेलर्स आमच्या शब्बीरचाचांचं! आपल्या गणपतीची झालर शिवणारे हात मुसलमानाचे आहेत...”

“संयोगिता, गप की! आत ये आधी,” आई ओरडली.

“आई, कुणीतरी बोलायला नको?”

इन्स्टावर टाकताच व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. ह्या ग्रुपवरून त्या ग्रुपवर. थोड्या वेळानं सरकारनं नेट बंद केलं.

दुपारी गर्दी परत आली. खालून कुणाच्या तरी फोनवर तिचाच आवाज येत होता, खणखणीत. ‘आमच्या शब्बीरचाचांचं!’

“देवीचं नाव लावून फसवतंय व्हय बेनं! फोडा!”

तिनं धडाधड डिलीट दाबलं. गोल गोल चक्र फिरत राहिलं. खाली शटर वाकलं, मशिनी रस्त्यावर आल्या, शाळेच्या गणवेशांचे ताके पेटले. “नगा रे, नगा!” ती ओरडत होती, पण ऐकतंय कोण? चाचा मागच्या बोळातून निसटले. पण दगड लागून कपाळावर टाके पडले.

नेट सुरू झालं तेव्हा व्हिडिओखाली नुसती वाहवा. ‘शाब्बास पोरी’, ‘हेच खरं कोल्हापूर’. तिला वाचवेना. तिनं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो कुठं कुठं गेला होता.

तहसीन शाळेत यायची बंद झाली. शेवटी एका सकाळी दुकानासमोर टेम्पो लागला. संयोगिता पळत खाली गेली.

“चाचा, माझ्यामुळं...”

“तू चांगलंच बोललीस, बाळ.” चाचांनी जळकं मशीन उचललं. “पर जागामालक म्हणतोय, अंबिका नाव नको, लोक चिडत्यात. माझं नाव लावतो म्हटलं, तर तेबी नको. आता बिनपाटीचं दुकान कसं चालवायचं, सांग. कुरुंदवाडला मेव्हण्याकडं जातोय.”

तहसीन टेम्पोत पुढं बसली होती. संयोगितानं खिडकी धरली.

“तहसीन, शिव्या दे की मला. काहीतरी बोल.”

“काय बोलू? तू आमच्यासाठीच बोललीस, ठाव हाय मला.” तहसीननं ओढणी पुढं ओढली. “पण आम्हाला विचारायचं तरी हुतंस गं.”

संयोगिताला हुंदका आवरेना. ती भर रस्त्यात मोठ्यानं रडायला लागली. शेजारच्या दारांतून माणसं डोकावली.

तहसीननं घाबरून तिचे हात खिडकीवरून सोडवले. “रडू नगंस, संयू. हळू. लोक बघायला लागल्यात.”