मी रिकामा नव्हतो

मी एक जुना स्टीलचा डबा आहे, मित्रांनो. कडीचा. पुढचं काही सांगायच्या आत एक गोष्ट सांगून टाकतो. त्या दिवाळीला मी नाशिकहून निघालो तेव्हा रिकामा नव्हतो. नऊ वर्षं माझ्यावर हा आळ होता. डब्याला तोंड असतं पण बोलता येत नाही, म्हणून ऐकून घेतलं. आता ऐकून घेणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मशीनच्या दणक्यात कुणाला काय आठवणार! पहिली आठवण आहे ती नगरच्या भांड्यांच्या दुकानातली. रंगनाथ तेव्हा नागापूरच्या एमआयडीसीत नुकताच लागला होता. बोनस मिळाला तसा तो बायकोला, भागूबाईला घेऊन बाजारात आला. तिनं मला उलटं करून तळ वाजवून पाहिला, माझी कडी चारदा लावली, चारदा काढली आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्याच्यावर नाव घाला." त्यानं घरघरत्या मशीननं माझ्या पोटावर कोरलं, 'सौ. भागूबाई रंगनाथ, तिसगाव'. गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू! पण आपण कुणाचे, हा प्रश्न मला पुन्हा कधी पडला नाही.

नागापूरला त्यांच्या खोलीला लागूनच भाऊसाहेबांची खोली होती. भाऊसाहेब आणि रंगनाथ एकाच कंपनीत, एकाच पाळीला. भाऊसाहेबांची बायको कलाबाई. तिची आणि भागूबाईची मैत्री झाली ती नळावर कडाकडा भांडून. गावाकडून बाजरीच्या, उन्हात वाळवलेल्या खारोड्या आल्या की मी भरून भिंतीपलीकडं जायचो आणि येताना कधीही रिकामा यायचो नाही. आपल्याकडं शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, तुम्हाला माहीत आहेच. घरात काहीच नसलं तर कलाबाई मूठभर साखर तरी घालायची.

पुढं भाऊसाहेबांना नाशिकला नोकरी लागली आणि रंगनाथ-भागूबाई गावी, तिसगावच्या घरी राहायला आले. तरी येणं-जाणं सुटलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत एका वर्षी हे तिकडं, एका वर्षी ते इकडं. एसटीत सगळं सामान सीटखाली आणि मी भागूबाईच्या मांडीवर. काय रुबाब होता माझा!

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी खारोड्या घेऊन नाशिकला गेलो आणि तिथंच राहिलो. "डबा राहू दे, दिवाळीला भरून धाडते," असं कलाबाई म्हणाली होती. दिवाळीच्या तोंडावर भागूबाईचे थोरले दीर, राधाकृष्णभाऊ, कामासाठी नाशिकला आले. कलाबाईनं तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून अनारसे केले होते. जाळीदार, खसखस लावलेले. तिनं ते माझ्यात गळ्यापर्यंत रचले आणि मला त्यांच्या हातात दिलं.

संगमनेरच्या स्टँडवर गाडी थांबली. राधाकृष्णभाऊ मला घेऊन मागच्या बाजूला गेले, कडी काढली आणि मला गटारावर उपडं केलं. का? तर कलाबाईचं घर बौद्ध. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. रंगनाथ आणि भागूबाई त्या घरात शंभरदा जेवले होते. पण राधाकृष्णभाऊंना त्या हातचं तिसगावच्या घरात यायला नको होतं. मी कडी आवळून धरली होती हो! पण माणसाच्या अंगठ्यापुढं कडीचं काय चालणार? वर त्यांनी मला नळाखाली विसळलं, म्हणजे वासही राहायला नको. मला वाईट नाही वाटलं, मित्रांनो. मला संताप आला.

"दिला तसा आणला," एवढंच ते घरी येऊन म्हणाले. भागूबाईनं मला उघडलं, आत पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, एक फोन करायचा होता. फोन होते की! पण विचारणार काय? 'तू डब्यात काही घातलं नव्हतंस का', असं विचारणं म्हणजे मागितल्यासारखंच झालं. भागूबाई मागणाऱ्यातली नव्हती. तिकडं कलाबाई वाट बघत बसली, अनारसे कसे झाले एवढं तरी ही बाई कळवील म्हणून. स्वतःहून कौतुक विचारणाऱ्यातली तीही नव्हती. रंगनाथ आणि भाऊसाहेब दसऱ्याला फोनवर बोलायचे, पण पुरुषांचं बोलणं 'बरं हाय का, बरं हाय' याच्यापुढं जातंय कुठं! सुट्टीतलं येणं-जाणं थांबलं. माझ्यात आधी खिळे आले, मग कोंबड्यांच्या कण्या. कण्यांबद्दल माझी तक्रार नाही, कोंबड्यांनाही पोट असतं. पण भागूबाई माझ्याकडं बघायची नाही, ते मला फार झोंबायचं.

यंदाच्या मे महिन्यात रंगनाथनं हट्ट धरला. "भाऊसाहेब रिटायर झालाय. एकदा त्याच्या घरी जायचंय मला." मुलगा अंगद यानं दोन दिवसांची रजा काढली, गाडी ठरवली. भागूबाईनं खुराड्याजवळून मला उचललं आणि राखेनं घासघास घासलं. मी हरखलो. सून धनश्री म्हणाली, "आई, खारोड्या भरू का?"

"न्हाई. रिकामाच न्यायचा. तिनं धाडला तसा तिच्या म्होरं ठिवते."

अरे देवा! ज्या पापात माझा काडीचा हात नव्हता, तेच मी आता चारचौघांत करायचं? मी वाटेतल्या एकूणएक खड्ड्याला बोंब मारली. संगमनेर आलं तेव्हा तर झाकण इतकं खडखडवलं की धनश्रीनं मला ओढणीत गुंडाळून गप्प केलं.

नाशिकला दार कलाबाईनंच उघडलं. केस पांढरे झाले होते. तिनं पाणी दिलं. भागूबाईनं पाण्याला हात न लावता मला फरशीवर ठेवलं.

"धर. तू धाडला तसाच आनलाय."

कलाबाईनं कडी काढली. आत हात घालून तिनं माझा तळ चाचपला.

"मी असा धाडला हुता? भागू, अनारसे हुते ह्याच्यात. गळ्यापत्तोर."

"कुनाच्या हातात दिला हुतास?"

"तुझ्याच दिराच्या."

रंगनाथनं मान खाली घातली. भागूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "नऊ वरसं, कले! एक फोन करायचा की गं."

"तू तरी कुठं केलास?"

मग दोघी रडल्या आणि रडता रडता एकमेकींना शिव्याही दिल्या. नागापूरच्या नळावरच्याच शिव्या, मी ओळखल्या. भागूबाईनं डोळे पुसले आणि पदर खोचला.

"तांदूळ हाय का घरात?"

"हाय. पर तीन दिस भिजायचं, मंग पीठ मुरायचं."

"मुरस्तवर ऱ्हाते मी."

"आई, माझी रजा दोनच दिवसांची," अंगद म्हणाला.

"मंग तू जा. आमी येतो यष्टीनं."

आठ दिवस राहिली, मित्रांनो! परतताना मी पुन्हा तिच्या मांडीवर होतो, गळ्यापर्यंत भरलेला. संगमनेरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी कडी अशी आवळली की सुटता सुटली नसती. यावेळी कुणी हात लावला नाही.

तिसगावला राधाकृष्णभाऊ ओट्यावरच बसले होते. भागूबाईनं चप्पलसुद्धा काढली नाही. मला त्यांच्यासमोर ठेवून झाकण उघडलं.

"भाऊजी, कलाबाईचे अनारसे. मागच्या टायमाला पोचले न्हाईत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "घरात देवधर्म हाय, भागूबाई."

"देव माझाबी हाय. त्यानं कदी कलाबाईचं नको म्हनलं न्हाई. खायचं तर खा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. पर हा डबा आता मधल्या घरात ऱ्हाईल, आन दिवाळीला कला ह्याच वट्यावर बसून जेवंल."

ते उठले आणि निघून गेले. त्यांनी खाल्लं नाही. नाही खाल्लं तर नाही! बाकीच्या घरानं अर्ध्या तासात माझा तळ गाठला. त्या रिकामेपणाची मला मुळीच लाज वाटली नाही.

आता मी मधल्या घरात फळीवर बसून दिवाळीची वाट बघतोय. माझ्यासारखे जुने डबे घासूनपुसून ठेवा, एवढंच सांगून मी तुम्हाला सोडणार नाही, मित्रांनो. डबा रिकामा आला तर माणूस तोडायच्या आधी विचारा. मागितल्यासारखं दिसलं तर दिसू द्या. आणि कुणाच्या हातचं नको म्हणून कुणी वाटेत मला उपडं करताना दिसला, तर त्याचा हात तिथंच धरा. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.