सिद्धम्माला भाऊ नव्हता

मुखपृष्ठ पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

माझ्या कादंबरीत उदगीरच्या किल्ल्याला वेढा पडलाय. काळ पाचशे वर्षांपूर्वीचा. अकरा वर्षांची सिद्धम्मा आपल्या देवणी बैलावर धान्याच्या गोण्या लादून शत्रूच्या छावणीतून एकटी किल्ल्यात येते. शेवटी पोळ्याला गाव तिला पहिला मान देतं. सगळ्यांच्या आधी तिचा बैल वेशीवरच्या तोरणाखालून जातो, कासरा तिच्या हातात. दहा-बारा वर्षांच्या मुलींसाठी मी हे सहा वर्षं लिहीत होते.

आणि चित्रात? कासरा एका मिसरूड फुटलेल्या पोराच्या हातात. सिद्धम्मा मागे, ओवाळणीचं ताट घेऊन.

"मल्लिकार्जुन, हा कोण?"

मल्लिकार्जुन माझा प्रकाशक, लातूरला त्याच्याच ऑफिसात मी बसले होते. चौथीत मीच त्याला शिकवलं, अजून मला बाईच म्हणतो.

"भाऊ हाय बाई तिचा."

"तिला भाऊ नाही. दोनशे पानांत कुठंच नाही."

"चित्रकार म्हणला, पोळ्याला बैल पोरगी कशी धरील? म्हणलं, टाक एक भाऊ. तुम्ही शेवटी एक ओळ वाढवा की."

"वेढ्यातून बैल आणला तेव्हा कुठं होता हा भाऊ? जेवायला बसला होता?"

तो हसला. मी हसले नाही.

"शाळा पुस्तक घेणार न्हाईत बाई. दोन हेडमास्तर तोंडावर बोलले. मी तुमचंच भलं करायलोय."

भलं! मी दहा वर्षांची होते, देवणी गावात. पोळ्याला वडील तापानं फणफणत होते. आमचा शेवरा बैल, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला, माझ्या हातचीच वैरण खायचा. आदल्या दिवशी खांदेमळणीला त्याच्या खांद्यांना हळद-लोणी मीच चोळलं. सणाला कासरा धरून वेशीपर्यंत गेले. तिथं चुलत्यांनी तो माझ्या मुठीतून ओढून घेतला. "भल्यासाठी सांगतो, घरी जा. आईला ताट घेऊन पाठव." सगळी वेस हसली. चौसष्ट वर्षं झाली. कोण कोण हसलं, ते नावानिशी सांगेन.

"बरं, दोघांनाबी काढू," मल्लिकार्जुन म्हणाला. "नुसता बैल ठेवू. झालं?"

"बैल एकटाच चालत आला का रे?"

"दुपारी छपाईला जायचं हाय. सही करा, न्हाईतर पडून राहील. ह्या वयात तुमचं दुसरं कोण छापणार?"

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी पेन उघडलं. त्याला वाटलं, सही. मी त्या पोरावर आडव्या रेघा मारत गेले, कागद फाटेपर्यंत. मग टेबलावरची हस्तलिखिताची फाइल उचलली.

"बाई, रागाच्या भरात कायबी करू नका!"

"रागातच करतेय. शांत असते तर सही केली असती."

फाइल काखेत धरून मी जिना उतरले.